घरपट्टी वसूल करणारा माणूस आपणच निवडून द्यायचा का? अमेरिकेत काही ठिकाणी देतात. तिथं काय घडलं आणि आपल्या गावात हिशेब कुणाला विचारायचा

मार्च महिना आला की गावोगावी एकच आवाज घुमतो. घंटागाडीवरचा भोंगा ओरडत जातो, "ग्रामस्थांना कळविण्यात येते की, घरपट्टी व पाणीपट्टीची थकबाकी तात्काळ भरून सहकार्य करावे." मागोमाग ग्रामपंचायतीचा कर्मचारी पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहतो. कुणी लगेच पैसे काढून देतो, कुणी "पुढच्या बाजाराला या" म्हणतो, तर कुणी थेट विचारतो, "आधी नळाला पाणी आणा, मग पट्टी मागा."

संध्याकाळी पारावर हीच चर्चा असते. सरपंच आपण निवडून देतो, सदस्य आपण निवडून देतो. मग आपल्या खिशात हात घालणारा माणूस मात्र वरून नेमून येतो. तोही निवडूनच का देऊ नये? नीट वागला नाही तर पाच वर्षांनी घरी पाठवता येईल!

प्रश्न चुकीचा नाही. जगात काही ठिकाणी खरोखरच असं होतं. अमेरिकेतल्या काही राज्यांत करवसुली करणारा अधिकारी लोक मतदानानं निवडतात. तिथं त्याचा फायदा काय झाला, तोटा काय झाला, आपल्याकडे पूर्वी काय पद्धत होती आणि आज आपल्या गावात कोणतं काम कोण करतं, हे या लेखात सोप्या भाषेत पाहू. शेवटी तुमच्या घरपट्टीच्या कामाची माहितीही दिली आहे.

आधी हे समजून घ्या : एका करात चार कामं असतात

आपण "पट्टी कोण घेतो" एवढंच पाहतो. पण कोणत्याही करामागे चार वेगवेगळी कामं असतात.

1. दर ठरवणे : कर किती दरानं घ्यायचा.
2. आकारणी करणे : तुमच्या घराची किंवा जमिनीची किंमत किती धरायची आणि त्यावर किती रक्कम बसवायची.
3. वसुली करणे : बिल देणे, पैसे घेणे, पावती देणे, थकबाकीदारामागे लागणे.
4. खर्च करणे : आलेला पैसा कुठं घालायचा.

दारात येणारा माणूस फक्त तिसरं काम करतो. त्याच्याशी कितीही हुज्जत घातली तरी पहिल्या दोन कामांत त्याला बदल करता येत नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी चर्चा यावरच उभी आहे.

आपल्याकडे पूर्वी काय होतं? वारसा आणि बोली

आज "नेमणूक" म्हटलं की आपल्याला वरून लादलेला माणूस वाटतो. पण आपल्या भागात पगारी नोकर नेमणं हीच एकेकाळी मोठी सुधारणा होती.

पूर्वी गावचा सारा गोळा करण्याची जबाबदारी पाटलाची आणि हिशेब लिहिण्याचं काम कुलकर्ण्याचं. ही पदं वतनी होती. बापानंतर मुलगा. तो हुशार आहे का, प्रामाणिक आहे का, गावाला हवा आहे का, हे कुणी विचारायचं नाही. दप्तर कुलकर्ण्याच्या घरात. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणब्याला आपल्या नावावर काय लिहिलं आहे हे कळायला मार्गच नव्हता.

त्याहून वाईट पद्धत म्हणजे मक्ता, म्हणजेच इजारा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात वसुलीचं काम जास्त रक्कम देणाऱ्याला दिलं जाऊ लागलं. ज्यानं मोठी बोली लावली त्याला ती रक्कम भरून वर स्वतःचा नफा काढायचा असायचा. तो निघणार कुठून? रयतेकडूनच. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं 1819 मध्ये लिहिलेल्या अहवालात या पद्धतीनं झालेल्या नुकसानीची नोंद आहे.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतन बंद केलं आणि त्या जागी पगारी तलाठी नेमले. हा निर्णय त्या काळी फार गाजला. दप्तर एका घराण्याच्या मालकीचं राहिलं नाही आणि ते काम शिकलेल्या इतर समाजांतल्या मुलांनाही खुलं झालं. पुढे मुंबई राज्यात 1950 च्या कायद्यानं परगणा व कुलकर्णी वतनं गेली. महाराष्ट्र झाल्यावर 1962 चा मुलकी पाटील पद रद्द करणारा कायदा आला आणि वसुलीतला पाटील इतिहासजमा झाला. आज गावात जो पोलीस पाटील दिसतो, तो 1967 च्या वेगळ्या कायद्यानं नेमलेला असतो. त्याचा सारावसुलीशी संबंध नाही.

म्हणजे आपण वतनदाराकडून आणि मक्तेदाराकडून पगारी नोकराकडे आलो. पगार ठरलेला, बदली होणारा, वर साहेब असणारा. त्यात नवे दोष आले, पण "माझ्या आजोबांपासून हे दप्तर आमचंच" असं म्हणणारा माणूस गेला.

गंमत म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला आपण आजही "कलेक्टर" म्हणतो. कलेक्टर म्हणजे गोळा करणारा. इंग्रजांच्या राज्यात त्या साहेबाचं मुख्य काम सारा गोळा करणं हेच होतं. बाकीची कामं नंतर वाढली, नाव तेच राहिलं.

अमेरिकेत मात्र गाडी दुसऱ्या रुळावरून गेली. तिथं गावं आणि काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) यांनी वसुलीचा माणूसही मतपेटीतून आणला.

फ्लोरिडा : जिथं टॅक्स कलेक्टर निवडणूक लढवतो

फ्लोरिडा हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं राज्य. तिथं 67 काउंटी आहेत. राज्यघटनेनुसार काउंटीचे पाच अधिकारी लोक चार वर्षांसाठी निवडून देतात. त्यात पोलिसांचा प्रमुख म्हणजे शेरीफ आहे, मालमत्तेची किंमत ठरवणारा अधिकारी आहे, आणि टॅक्स कलेक्टरही आहे. मोठ्या मायामी-डेड काउंटीत मात्र बरीच वर्षं हे पद नेमणुकीचं होतं. 2018 मध्ये राज्यभर मतदान होऊन घटनेत दुरुस्ती झाली आणि मायामी-डेडलाही निवडणूक घेणं भाग पडलं. तिथली निवडणूक नोव्हेंबर 2024 मध्ये झाली.

तिथं चारही कामं कशी वाटली आहेत ते पाहा.

दर ठरवतं काउंटीचं निवडून आलेलं मंडळ, शहराची परिषद आणि शाळा मंडळ. म्हणजे शाळेचा कर शाळा मंडळ ठरवतं.

किंमत ठरवतो मालमत्ता मूल्यांकन अधिकारी. हाही निवडून येतो, पण त्याचं ऑफिस पूर्ण वेगळं.

पैसे घेतो टॅक्स कलेक्टर. त्याला दरही बदलता येत नाही आणि किंमतही कमी-जास्त करता येत नाही. गाड्यांची नोंदणी, वाहन परवाने, शिकार-मासेमारीचे परवाने अशी कामंही बहुतेक काउंटींत त्याच्याच कार्यालयात होतात.

आता विचार करा, असा उमेदवार प्रचारात काय सांगणार? "मी तुमचा कर माफ करतो" असं तो म्हणूच शकत नाही. तो सांगतो की रांग कमी करीन, दोन नवी कार्यालयं उघडीन, घरबसल्या पैसे भरायची सोय करीन, हिशेब चोख ठेवीन. म्हणजे मत मागायचं ते सेवेवर.

सूट आणि दंडही त्याच्या मर्जीवर नाही. बिल नोव्हेंबरच्या सुमारास निघतं. नोव्हेंबरमध्ये भरलं तर 4 टक्के सूट, डिसेंबरमध्ये 3, जानेवारीत 2, फेब्रुवारीत 1 आणि मार्चमध्ये काही नाही. 1 एप्रिलपासून थकबाकी धरतात. सूट सगळ्यांना सारखी. टॅक्स कलेक्टरचा मेव्हणा असला तरी तेवढीच.

थकबाकी राहिली तर दरवर्षी लिलाव होतो, पण लगेच घराचा नाही. तुमच्या वतीनं कर भरायला तयार असणारे लोक त्यात बोली लावतात आणि बोली लागते व्याजाची. 18 टक्क्यांपासून खाली उतरत, जो सर्वांत कमी व्याजावर तयार होईल त्याला प्रमाणपत्र मिळतं. सरकारला कर मिळाला, आता घरमालकानं ती रक्कम व्याजासह फेडायची. अनेक महिने उलटूनही फेडली नाही तर पुढची पायरी घराच्या विक्रीपर्यंत जाऊ शकते. सगळं कायद्यानं बांधलेलं आहे. "याला सोडा, त्याला धरा" म्हणायला जागा कमी.

आणखी एक चांगली गोष्ट. दरवर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे बिल येण्याआधीच, प्रत्येक मालकाच्या घरी एक नोटीस येते. तुमच्या मालमत्तेची किंमत मागच्या वर्षी किती होती, यंदा किती धरली, कोणती संस्था किती दर लावणार आहे, तसा दर लावला तर तुम्हाला किती भरावं लागेल आणि त्यावर बोलायचं असेल तर जाहीर सुनावणी कोणत्या तारखेला, कुठं आहे, हे सगळं त्यात असतं. बिल हातात पडल्यावर भांडायचं नाही, आधीच बोलायचं.

पण निवडून दिलेला माणूसही बिघडला

याच फ्लोरिडातली सेमिनोल काउंटी. 2016 मध्ये तिथं जोएल ग्रीनबर्ग नावाचा तरुण टॅक्स कलेक्टर म्हणून निवडून आला. अनेक वर्षं खुर्चीवर बसलेल्या जुन्या माणसाला त्यानं पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच हरवलं होतं. लोकांना बदल हवा होता, बदल मिळाला.

पुढे काय झालं? त्यानं कार्यालयाचा पैसा स्वतःसाठी वापरला, त्यातून क्रिप्टोकरन्सी म्हणजे आभासी चलन विकत घेतलं. परवान्यांच्या यंत्रणेचा वापर करून खोटी ओळखपत्रं बनवली. 2020 च्या निवडणुकीत एक शिक्षक त्याच्याविरुद्ध उभा राहतो आहे म्हटल्यावर त्या शिक्षकाची बदनामी करणारी खोटी पत्रं त्याच्या शाळेत पाठवली. जून 2020 मध्ये त्याला अटक झाली आणि त्यानं राजीनामा दिला. 2021 मध्ये त्यानं अल्पवयीन मुलीच्या लैंगिक शोषणासह अनेक गुन्हे कबूल केले. डिसेंबर 2022 मध्ये त्याला 11 वर्षांची शिक्षा झाली.

त्याला पकडलं ते केंद्रीय तपास यंत्रणांनी. मतदार मतदान करतात चार वर्षांतून एकदा, पण तिजोरीला रोज कुलूप लागतं. ते कुलूप म्हणजे तपासणी, ऑडिट आणि वेगळ्या माणसाच्या हातातली चावी.

याचा अर्थ निवडून आलेले सगळे चोर आणि नेमलेले सगळे साव, असा मुळीच नाही. नेमलेल्या माणसानं पैसे घेऊन पावती न दिल्याचे किस्से प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात. मुद्दा एवढाच की निवडणूक हे एकटं औषध पुरत नाही.

छोट्या गावांत अडचण वेगळी : शेजाऱ्याकडून वसुली कशी करायची?

फ्लोरिडातल्या काउंटी मोठ्या. आपल्या गावाशी जास्त जुळतं ते अमेरिकेच्या ईशान्येकडचं व्हर्मांट राज्य. तिथली गावं लहान. मार्च महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. लोक एका सभागृहात जमतात, गावाचं बजेट मंजूर करतात, पदाधिकारी निवडतात. आपल्या ग्रामसभेचीच आठवण होते.

तिथं थकीत कर वसूल करणारा अधिकारी वेगळा असतो आणि तो परंपरेनं निवडून येतो. त्याचं मानधन अनेक ठिकाणी थकबाकीवर लागणाऱ्या दंडातून येतं. हा दंड 8 टक्क्यांपर्यंत असतो. म्हणजे जितकी वसुली तितकी त्याची कमाई. काही गावांना हे पटलं नाही. शेजाऱ्याच्या अडचणीतून दुसऱ्या शेजाऱ्यानं पैसे कमवायचे, हे बरं दिसत नाही. म्हणून गावानं ठराव करून त्याला कमिशनऐवजी पगार देण्याची सोय कायद्यात आहे. तसंच, हा अधिकारी निवडायचा नाही, गावच्या कार्यकारी मंडळानं नेमायचा, असाही निर्णय गाव मतदान करून घेऊ शकतं.

शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातही अशी तरतूद आहे. निवडून द्यायचं पद नेमणुकीचं करायचं असेल तर आधी गावसभेत ठराव आणि मग मतपेटीतून लोकांची मंजुरी. पद लोकांकडून काढून घ्यायचं तर लोकांनाच विचारायचं. असा बदल सुचवणारे सहसा एक साधं कारण देतात. निवडून यायचं तर उमेदवार त्याच गावचा हवा. लहान गावात हिशेबाचं, संगणकाचं, कायद्याचं काम जाणणारा आणि निवडणुकीलाही उभा राहणारा माणूस दरवेळी मिळतोच असं नाही. नेमायचं ठरवलं तर बाहेरगावचा जाणकार आणता येतो.

विरोध करणाऱ्यांचंही म्हणणं बरोबर असतं. नेमलेला माणूस नेमणाऱ्यांचं ऐकतो. निवडून आलेला कार्यकारी मंडळालाही "नाही" म्हणू शकतो. त्याला काढायचं तर मतदारांनीच.

पेन्सिल्व्हेनिया राज्यात तिसरा रस्ता दिसतो. तिथं लहान गावांतला मालमत्ता कर गोळा करणारा आजही निवडून येतो, पण नव्यानं निवडून आलेल्याला प्रशिक्षण आणि परीक्षेची अट घातली आहे. कमाईवरचा स्थानिक कर मात्र पूर्वी 560 वसूलदार गोळा करायचे. 2008 च्या कायद्यानं ते विस्कळीत काम 69 मोठ्या विभागांत एकत्र केलं. गावोगावचे वेगळे वसूलदार ठेवून खर्च आणि घोळ दोन्ही वाढत होते.

मग निवडणूक बरी की नेमणूक? दोन्ही बाजू एका नजरेत

निवडून दिल्याचे फायदे :
- लोकांशी नीट वागावं लागतं, सेवा द्यावी लागते.
- वरच्या साहेबाच्या किंवा सत्ताधारी गटाच्या दबावाखाली कमी राहतो.
- नको असेल तर मतदार बदलू शकतात.

निवडून दिल्याचे तोटे :
- मतं देणाऱ्या गटाकडून, भावकीकडून वसुली करायला हात धजत नाही. थकबाकी वाढते आणि बोजा नियमित भरणाऱ्यावर पडतो.
- निवडणूक जवळ आली की वसुली थंडावते.
- काम येतं की नाही हे मतदानातून कळत नाही.
- विरोधात मत दिलेल्यांना त्रास देण्याची भीती.

नेमणुकीचे फायदे :
- पात्रता पाहून घेता येतं, बदली करता येते, चौकशी लावता येते.
- मतांची काळजी नसल्यानं सगळ्यांकडून सारखी वसुली करू शकतो.

नेमणुकीचे तोटे :
- गावाला उत्तर देण्याची सवय नसते.
- एकाच माणसाकडे दोन-तीन गावांचा कारभार असला की तो सापडतच नाही.
- वरच्यांची मर्जी सांभाळली की झालं, अशी वृत्ती येऊ शकते.

दोन्ही याद्या वाचल्यावर एक गोष्ट दिसते. आपल्या गावात निवडून दिल्याचे काही तोटे आजही आहेतच, वसूलदार निवडून देत नसतानाही! कारण वसुली करणारा नेमलेला असला तरी त्याच्या डोक्यावर सरपंच-सदस्य बसलेले असतात. निवडणुकीच्या वर्षात "आत्ता नको, नंतर बघू" हे वाक्य कुठल्या गावानं ऐकलं नाही?

आपल्या गावात कोण काय करतं?

दोन वसुल्या वेगळ्या आहेत. त्यांची सरमिसळ करू नका.

शेतसारा (जमीन महसूल) : हा राज्य सरकारचा. वसुली तलाठी करतात. 2024 पासून त्यांच्या पदाचं नाव "ग्राम महसूल अधिकारी" झालं आहे. त्यांच्यावर मंडळ अधिकारी, तहसीलदार, मग जिल्हाधिकारी. सगळे नेमलेले. ग्रामपंचायतीला यात दर ठरवण्याचा अधिकार नाही. तुमच्या नावावरच्या जमिनीचा उतारा म्हणजे गाव नमुना 8-अ.

घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी : हे ग्रामपंचायतीचे. दर शासनाच्या नियमांत दिलेल्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त मर्यादेत ठेवून ग्रामपंचायत ठराव करते, म्हणजे तुम्ही निवडून दिलेले सरपंच आणि सदस्य. डिसेंबर 2015 मधल्या नियम दुरुस्तीपासून घरपट्टी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे जमीन आणि बांधकामाच्या किमतीवर बसते. दर चार वर्षांनी आकारणीची फेरतपासणी होते. दप्तर सांभाळतो ग्रामसेवक, ज्याला आता "ग्रामपंचायत अधिकारी" म्हणतात. तो जिल्हा परिषदेचा नोकर. प्रत्यक्ष दारात येतो तो ग्रामपंचायतीचा कर्मचारी.

इथं एक गफलत नेहमी होते. ग्रामपंचायतीचा "नमुना 8" वेगळा आणि तलाठ्याचा "8-अ" वेगळा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. तिथं नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही.

सरपंच थेट लोकांतून निवडण्याची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये बंद झाली आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यामुळे कराचा दर ठरवणाऱ्या मंडळाचा प्रमुख तुम्ही थेट निवडता. अमेरिकेतल्या मतदाराइतकाच हक्क या बाबतीत तुमच्याकडे आहे.

आपल्या कायद्यात एक कडक अटही आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 नुसार, रीतसर बिल बजावल्यानंतर तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस सदस्य राहायला अपात्र ठरू शकतो. त्याचा निर्णय जिल्हाधिकारी करतात. म्हणून तर उमेदवारी अर्ज भरायच्या दिवसांत ग्रामपंचायतीत पट्टी भरायला अचानक गर्दी होते! जो दुसऱ्याकडून कर मागणार, त्यानं आधी स्वतःचा भरावा, हे तत्त्व सरळ आहे.

तुमचा हात नेमका कुठं पोहोचतो?

वसूलदार निवडता येत नसला तरी पुढच्या गोष्टी आजच तुमच्या हातात आहेत.

1. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. ग्रामपंचायतीची कर पावती नमुना 10 मध्ये असते. पावतीवर नाव, वर्ष, रक्कम, सही पाहा आणि लगेच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. "पावती उद्या देतो" म्हटलं तर "पैसेही उद्याच" म्हणा.

2. शक्य असेल तिथं क्यूआर कोड किंवा ऑनलाइन भरा. पण पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात जातात की कुणाच्या वैयक्तिक नंबरवर, हे नाव वाचून खात्री करा. वैयक्तिक नंबरवर पाठवू नका.

3. नमुना 8 चा उतारा काढा. घराचं मोजमाप, बांधकामाचा प्रकार (पक्कं, पत्र्याचं, मातीचं) बरोबर लिहिलं आहे का बघा. जास्त पट्टी येण्याचं कारण बऱ्याचदा इथंच सापडतं. नमुना 9 मध्ये तुमची मागणी आणि जमा दिसते. भरलेली रक्कम तिथं चढली आहे का, तेही पाहून घ्या.

4. चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीच्या वेळी जागे राहा. यादी प्रसिद्ध करून हरकती मागवतात. त्या दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हीच आपली "ऑगस्टची नोटीस" समजा. फरक एवढाच की ती घरी येत नाही, आपण फलकावर जाऊन वाचायची.

5. आकारणी मान्य नसेल तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. त्याला मुदत असते, म्हणून बिल घेऊन महिनोन्‌महिने बसू नका.

6. रागानं कर थांबवू नका. पाणी येत नाही म्हणून घरपट्टी न भरणं हा उपाय नाही. आधी मागणी बिल, मग मागणीची नोटीस आणि त्यानंतर जंगम मालाच्या जप्तीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. तरीही वसूल झालं नाही तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. पैसे भरा, पावती ठेवा आणि ती पावती हातात घेऊन ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न विचारा. पट्टी भरलेल्याच्या आवाजाला वजन असतं.

7. ग्रामसभेत तीन आकडे मागा : एकूण मागणी किती, वसुली किती, थकबाकी किती. चौथा प्रश्न, मोठे थकबाकीदार कोण? उत्तर टाळलं तर माहिती अधिकार कायदा 2005 आहेच. ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण होतं. त्यातल्या आक्षेपांची प्रतही मागता येते.

शेवटी पारावरच्या प्रश्नाचं उत्तर

वसुली करणारा निवडून द्यावा का? फ्लोरिडाचा अनुभव सांगतो की देता येतो आणि त्यातून सेवा सुधारू शकते. पण ते जमतं कारण तिथं दर ठरवणारा, किंमत मोजणारा आणि पैसे घेणारा असे तीन हात वेगळे आहेत, आणि पैसे घेणाऱ्याला सूट देण्याची मुभा नाही. सेमिनोलचा अनुभव सांगतो की एवढं असूनही तपासणी ढिली पडली तर निवडून दिलेला माणूसही तिजोरी फोडतो. व्हर्मांटची गावं सांगतात की शेजाऱ्यानं शेजाऱ्याकडून वसुली करणं जड जातं.

आपल्या गावात मोजणारा, लिहिणारा आणि घेणारा बहुतेक वेळा एकाच खोलीत बसलेला असतो. उद्या तिथं निवडणूक घेतली तरी त्या खोलीचं दार बंदच राहिलं, तर फरक फक्त पॅनेलच्या बॅनरवर दिसेल. आणि दार उघडं ठेवायला निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही. पावती मागणारे, उतारा वाचणारे आणि ग्रामसभेत उभं राहून तीन आकडे विचारणारे वीस माणसं एका गावात निघाली, तरी नेमलेला माणूसही गावाला उत्तर द्यायला शिकतो.

पुढची ग्रामसभा कधी आहे, ते फलकावर बघून ठेवा. जाताना घरपट्टीची पावती खिशात असू द्या.